डार्विनच्या धक्क्यावरची ओटी

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या अंकासाठी मला लेख मागितला होता. विषय त्यांनीच दिला, 'सिंगापूरहून क्रूझने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी उपयुक्त सूचना'. मी नुकतीच जाऊन आले होते, तीही एकटी, म्हणून हा मान माझा. मी सहा पानं लिहून दिली. छापून आली दोन. टोपी घ्या, सनस्क्रीन लावा, पाणी प्या. एवढंच सांगायचं तर बोटीवर जायची काय गरज होती? बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पीत बसूनही लिहिता आलं असतं. मी फोन करून विचारलं, बाकीची चार पानं कुठे गेली? संपादक म्हणाले, "वैयक्तिक भाग वगळलाय हो. वाचकांना त्याचा काय उपयोग?"

हे संपादक म्हणजे बुकित तिमाहला राहणारे एक निवृत्त बँकर. ते आणि त्यांच्या मिसेस त्याच बोटीवर होते, आणि त्या चार पानांतही होते. त्यामुळे उपयोग नेमका कुणाला नव्हता ते मला चांगलं कळलं. ती चार पानं मी आता इथे लिहिते आहे. मधे मधे सूचनाही येतील. त्या खऱ्या आहेत आणि कामाच्या आहेत.

पहिली सूचना व्हिसाची. भारतीय पासपोर्ट असेल तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आधी काढावा लागतो, बोटीवरून खाली पाऊलसुद्धा ठेवणार नसलात तरी. आणि माझ्यासारखे सिंगापूरचे पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी असाल, तर री-एंट्री परमिटची तारीख बघून घ्या, नाहीतर जाताना मजेत जाल आणि येताना घरच्याच दारात अडकाल. हे दोन्ही कागद मी माझे मी केले, मुलाला न सांगता. सांगितलं ते तिकीट हातात आल्यावर.

मुलगा म्हणाला, "आई, एकटी कशाला? पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ."

हे पुढचं वर्ष मी पाच वर्षं ऐकत होते. त्याआधी वीस वर्षं त्याच्या बाबांकडून ऐकलं होतं. हे जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर होते. गळ्यात पास घालून पहाटे कंपनीच्या बसनं जायचे आणि अंधार पडल्यावर यायचे. रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला फिरायला जायचो. समोर बोटी उभ्या असायच्या. मी म्हणायचे, एकदा बसून जाऊ या कुठेतरी. हे म्हणायचे, रिटायर झालो की. रिटायर व्हायला दोन वर्षं होती तेव्हा हे गेले.

लोकांना मी सांगू शकले असते की ह्यांची राहिलेली इच्छा पुरी करायला चालले आहे. सगळ्यांचे डोळे भरून आले असते आणि कुणी एक शब्द बोललं नसतं. पण ते खोटं झालं असतं. ह्यांना बोट लागायची. सेंटोसा बेटाच्या फेरीबोटीतसुद्धा चेहरा पिवळा पडायचा. बोटीची हौस माझी होती, पहिल्यापासून माझी. मुलालाही मी तेच सांगितलं. म्हटलं, "मी तुझी परवानगी मागत नाहीये, तारीख सांगतेय."

तो रुसला. मी त्याची समजूत काढली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सून ऑफिसमधून थेट माझ्या फ्लॅटवर आली, नातीला घेऊन. सून मुंबईची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. आमचं दोघींचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. तिच्या हातात लिटिल इंडियातून आणलेली पिशवी होती. पिशवीतून निघाला शेंडीचा नारळ, हिरवा खण, हळकुंडं, खारका, बदाम आणि मोगऱ्याचा गजरा. मला वाटलं, कुणाकडे डोहाळजेवण असेल.

"आई, पाटावर बसा," ती म्हणाली. "तुमची ओटी भरायचीय."

मी बघतच राहिले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. बाई घरातून प्रवासाला निघाली की तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालायचा, तिचं भलं व्हावं म्हणून. हे सवाष्णीसाठी. नवरा गेला की बाईची ओटी कुणी भरत नाही. असं कुणी तोंडानं सांगत नाही. नुसतं तुमच्यापाशी आलं की ताम्हन पुढच्या बाईकडे जातं. मंडळाच्या हळदीकुंकवाला पाच वर्षं ते माझ्यासमोरून पुढे जात होतं, आणि मी वाण वाटायला मदत करत होते. टिकली मी सोडली नव्हती, तेवढाच माझा हट्ट.

"अगं, माझी नसते भरत," मी म्हटलं.

"माझी आईपण तेच म्हणाली," ती म्हणाली. "कसं भरायचं विचारायला तिला फोन केला, तर म्हणाली, सासूबाईंची कशी भरशील? मग मी फोन ठेवला. आता कसं ते तुम्हीच सांगा. आधी तांदूळ की आधी नारळ?"

माझी ओटी कशी भरायची ते मीच तिला सांगितलं. पदर नव्हता, कारण मी घरातली पँट आणि कुर्ता घातला होता. शेवटी कुर्त्याचाच घेर पुढे धरला. नात तिच्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, "आज्जी, नीट होल्ड कर ला, राइस सांडतोय." सुनेनं हळदकुंकू लावलं, पाच ओंजळी तांदूळ घातले आणि वाकून नमस्कार केला. सुपारी आणायची ती विसरली होती. मी रडले. हुंदके देऊन रडले, आणि नात घाबरली म्हणून मग थांबले.

दुसऱ्या दिवशी बेडोकहून एमआरटीनं, म्हणजे मेट्रोनं, सुटकेस ओढत मरीना साउथच्या धक्क्यावर गेले. मुलगा गाडी घेऊन येणार होता, पण रुसलेल्या माणसाच्या गाडीत बसून प्रवासाला निघायचं मला जिवावर आलं. ओटी खणात बांधून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

बोटीवर पहिल्याच जेवणाला बुकित तिमाहचं जोडपं भेटलं. मराठी बोलणं ऐकलं की माणूस आपसूक वळतो, तशी मी वळले. मंडळ एकच, पण आमची ओळख कधी झाली नव्हती. बाई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, चेहऱ्यानं प्रसन्न. "एकट्याच?" त्यांनी विचारलं. "मिस्टर नाही आले?" म्हटलं, ते पाच वर्षांपूर्वी गेले. त्या म्हणाल्या, "अरेरे, आणि तरी आलात?" त्या 'तरी'मध्ये काही वाईट नव्हतं, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं. त्यांचे मिस्टर सल्ला देणारे होते. कुठल्या डेकवर वारा कमी, कुठल्या टेबलावर वाढप लवकर, सगळं त्यांना पाठ. मी न विचारताच त्यांनी मलाही डार्विनची मगरी बघायची टूर ठरवायला सांगितलं, आणि मी ठरवली.

सिंगापूर सोडल्यावर पाच दिवस नुसतं पाणी होतं. या पाच दिवसांत पुढच्या सूचना उपयोगी पडतात. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट ठेवा. डार्विनचं घड्याळ सिंगापूरपेक्षा दीड तासानं पुढे आहे, आणि त्या अर्ध्या तासात भले भले चुकतात. शहरातलं घड्याळ काही का म्हणेना, बोटीवर परत यायचं ते बोटीच्या वेळेनं, आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. बोट कुणासाठी थांबत नाही. घरचं खाणं पहिल्या बंदराआधी संपवा. मी रव्याचे लाडू, भडंग आणि मेतकूट नेलं होतं. बोटीवरच्या सूचनांत लिहिलं होतं की ऑस्ट्रेलियात अन्न, फळं, बिया, फुलं काहीही खाली नेऊ नका. मी शिस्तीची बाई. लाडू संपवले, भडंग संपवलं, मेतकूट केबिन साफ करणाऱ्या बाईला विचारून टाकून दिलं.

मग आलं ते उतरतानाचं कार्ड. तुमच्याजवळ खाण्याच्या वस्तू आहेत का? झाडं, बिया, वनस्पतींपासून केलेलं काही आहे का? मी प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला आणि प्रत्येकासमोर 'नाही'च्या चौकटीत खूण केली. खोटं लिहायचं माझ्या मनातही नव्हतं. लाडू संपले होते. ओटी मला आठवली नाही असंही नाही, ती माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. पण ओटी ही खाण्याची वस्तू आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्ही देवघरातल्या कलशाला पाण्याचा तांब्या म्हणाल का? तसंच. नारळ म्हणजे नारळ, आणि ओटीतला नारळ म्हणजे ओटी.

आणि ती केबिनमध्ये ठेवून जायचा प्रश्नच नव्हता. ओटी मागे टाकून बाई पुढे जात नाही.

डार्विनला सकाळी आठ वाजताच तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. आम्ही रांगेनं धक्क्यावर उतरलो. मी पुढे, माझ्यामागे ते दोघं. एका टेबलापाशी खाकी कपड्यातली अधिकारी बाई कार्डं बघत होती. करडे केस अगदी बारीक कापलेले, हात उन्हानं लाल झालेले. तिचा सहकारी एक कुत्रा घेऊन रांगेच्या कडेकडेनं चालत होता. कुत्रा माझ्या पिशवीपाशी आला, हुंगला, आणि खाली बसला.

मला तो आवडला. मी त्याला च्यक् च्यक् केलं. मागून बँकरसाहेब म्हणाले, "अहो, तो बसला म्हणजे पिशवीत काहीतरी सापडलंय."

अधिकारी बाईनं मला बाजूला घेतलं आणि पिशवी टेबलावर उघडायला सांगितली. मी खणाची गाठ सोडली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी टेबलावर माझी ओटी पसरली. शेंडीचा नारळ, तांदूळ, दोन हळकुंडं, खारका, बदाम आणि वाळलेला गजरा. तिनं एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा नारळाकडे.

"इथे तुम्ही लिहिलंय की खाण्याचं काही नाही," ती इंग्रजीत म्हणाली.

"ही खाण्याची वस्तू नाही," मी म्हटलं.

"नारळ खात नाहीत?"

"खातात. पण हा खायला आणलेला नाही."

"आणि हा तांदूळ?"

तोही तसाच, असं मी म्हणाले, आणि म्हणताना मला माझंच हसू आलं आणि घामही फुटला. माझी चूक मला तिथे उभ्या उभ्या कळली. माझ्यासारखी, आयुष्यभर फॉर्म नीट भरणारी बाई, सरकारी कागदावर चुकीचं लिहून बसली होती. ती म्हणाली, यासाठी दंड होऊ शकतो. मग तिनं विचारलं, हे आहे तरी काय? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. आमच्यात बाई प्रवासाला निघाली की घरची बाई तिला हे देते. माझ्या सुनेनं दिलं. हे बरोबर न्यायचं असतं.

मागे बँकरसाहेबांच्या मिसेसनी नारळ आणि खण एकत्र बघितले होते. "तुमची ओटी भरली?" त्या मराठीत म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता, पण मला ऐकू आला. "कुणी?"

 तेवढ्यात त्यांचे मिस्टर पुढे झाले. टूरची बस उभी होती, त्यांना घाई होती. मदत करायच्या सुरात ते अधिकारी बाईला म्हणाले, "ऑफिसर, रिलिजस थिंग आहे. जस्ट थ्रो इट. शी डझन्ट नीड इट."

तिला याची गरज नाही. इतकी वर्षं मंडळात ताम्हन माझ्यासमोरून पुढे जात होतं, पण त्याचं कारण कुणी उघड बोललं नव्हतं. ते एका परक्या धक्क्यावर, इंग्रजीत, कचऱ्याच्या पिवळ्या पिंपाशेजारी बोललं गेलं. माझी कानशिलं तापली.

मी अधिकारी बाईकडे बघून म्हटलं, "आय नीड इट." मग मागे वळून मराठीत म्हटलं, "तुम्हाला कुणी विचारलं? तुम्ही माझे कोण?"

ते दोन पावलं मागे सरकले. त्यांच्या मिसेस खाली बघत होत्या.

अधिकारी बाईला मराठीतलं काही कळलं नसणार, पण रागाला दुभाषी लागत नाही. तिनं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाली, दोन मार्ग आहेत. हे इथे पिंपात टाकायचं, किंवा बोटीवर परत न्यायचं. बोटीवर आहे तोवर आमची हरकत नाही. पण ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही बंदरावर हे उतरता कामा नये, आणि शेवटी सिडनीला तुम्ही बोट सोडाल तेव्हा तुमच्या सामानात यातलं काहीही असता कामा नये.

"म्हणजे सिडनीला टाकायचंच?"

"किंवा तोवर खाऊन टाका," ती म्हणाली. तिनं कार्ड मला परत दिलं, खूण बदलायला लावली, शेजारी सही घेतली. दंड केला नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही. सूचना अशी की कार्डावर जरा जरी शंका असेल तर 'हो' लिहा. 'हो' लिहिणाऱ्याला फार तर वस्तू सोडावी लागते, 'नाही' लिहिणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. ही सूचना छापून आली आहे, आणि ती कुणाच्या अनुभवातून आली ते छापलेलं नाही.

गजरा वाळला होता, तेवढा मी माझ्या हातानं पिंपात टाकला. बाकीची ओटी पुन्हा खणात बांधली आणि शिडी चढून बोटीवर परत गेले. उतरणारी सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी ताठ मानेनं चढले. मगरींची बस निघून गेली. जाऊ दे, मगरी मी धक्क्यावरच पाहिल्या होत्या.

केबिनमध्ये ओटी टेबलावर ठेवली. पहिल्यांदाच ती मागे ठेवून मी खाली जाणार होते. मन मानेना. मग मी मोठ्यानं म्हटलं, "घर आत्ता हेच आहे. घरात ठेवलीय." आणि गेले. डार्विनमध्ये समुद्राकाठच्या झाडाखाली आइस्क्रीम खाल्लं. समुद्र इतका निळा होता की उतरावंसं वाटावं, पण तिथे ऑक्टोबर ते मे या महिन्यांत जीवघेणे जेलीफिश असतात आणि मगरीही, त्यामुळे पाण्यात पाय घालू नका. तिथेच मुलाचा फोन आला. बँकरसाहेबांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'आपल्या ताईंना डार्विनला अधिकाऱ्यांनी थांबवलं होतं, आता ठीक आहेत, काळजी नसावी.'

"आई, काय झालं? तुला म्हटलं होतं मी," मुलगा म्हणाला. "आजच्या आज डार्विनहून विमानानं परत ये. मी तिकीट काढतो."

"मी आइस्क्रीम खातेय," मी म्हटलं. "आणि मी सिडनीला जातेय."

"तू ऐकणारच नाहीस का?"

"नाही."

 त्यानं फोन ठेवल्यावर सुनेचा मेसेज आला. 'आई, ओटी टाकली नाहीत ना?' मी लिहिलं, 'नाही.' तिनं लिहिलं, 'मग ठीक. यांचं मी बघते.' माझ्या मनातली तिच्याबद्दलची उरलीसुरली अढी त्या झाडाखाली गेली.

डार्विननंतर केर्न्स. तिथे बोट धक्क्याला लागत नाही, लांब समुद्रात थांबते आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. सूचना अशी की छोट्या बोटीच्या नंबराचं कार्ड सकाळी लवकर घ्या आणि पायात बंद बूट घाला, कारण बोटीतून बोटीत पाऊल टाकताना दोन्ही हलत असतात. खलाशी हात धरतो, पण पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. ब्रिस्बेनला आमची बोट मालवाहू बंदरात लागली. तिथून शहर लांब, आणि बंदरात पायी चालू देत नाहीत, म्हणून शटल आधी ठरवा. ऑस्ट्रेलियात दुकानं संध्याकाळी पाचला बंद होतात. सिंगापूरची सवय घेऊन गेलात तर बंद काचांतून बघत बसाल.

प्रत्येक बंदरावर कुत्रा होता आणि माझी पिशवी रिकामी होती. ओटी वर, घरात.

ब्रिस्बेन सुटलं आणि सिडनीला एकच दिवस उरला. ओटीचं काय करायचं याची एक रीत आहे. ज्या बाईची ओटी भरली, तिनंच ते तांदूळ आणि तो नारळ खायचा. दुसऱ्याला द्यायचा नाही. माझ्या सासूबाई ओटीच्या तांदळाची खीर करायच्या आणि आमच्यापैकी कुणी वाटी पुढे केली तर हातावर चापट मारायच्या. मी ठरवलं, पिंपात नाही, समुद्रात नाही. पोटात.

बोटीवर भारतीय जेवण बनवणारा आचारी वेंगुर्ल्याकडचा होता. पन्नाशीचा, अर्धं आयुष्य बोटींवर काढलेला. जेवणाच्या हॉलच्या मॅनेजरनं मला आधी साफ नकार दिला होता. बाहेरचं काही स्वयंपाकघरात येत नाही, म्हणाला. मी तिथून हलले नाही. त्याला म्हटलं, मी इथेच खुर्ची टाकून बसते. शेवटी त्यानं आचाऱ्याला बोलावलं. मी खण उघडला. आचाऱ्यानं नारळ, तांदूळ आणि हळकुंडं बघितली. मग माझ्या गळ्याकडे बघितलं, तिथे मंगळसूत्र नव्हतं. कोकणातल्या माणसाला सांगायला लागत नाही.

"कोणी भरल्यान?" त्यानं विचारलं.

"सुनेनं."

"बरा केल्यान," तो म्हणाला. "द्या हकडे, बाय. खीर करतंय मी."

मोठ्या आचाऱ्याशी तो काय बोलला मला माहीत नाही. पण त्यानं वेगळं पातेलं घेतलं, माझ्यासमोर तांदूळ धुतले आणि मी दारात उभी असताना नारळ फोडला. नारळ चांगला निघाला. इतक्या दिवसांत तो नासला असेल अशी मला धाकधूक होती. खारका, बदाम खिरीत गेले. हळकुंडं त्यानं कुटून माझ्या वरणात घातली. करवंट्या त्यानं मागून घेतल्या.

दुपारी हॉल भरलेला असताना मी मधल्या टेबलावर बसले. कोपऱ्यात बसता आलं असतं, पण मी मुद्दाम मधलं घेतलं. नेसायला एकच साडी आणली होती, ती नेसले. मोठा वाडगा भरून खीर समोर आली. दोन-तीन घास खाल्ले तेवढ्यात बुकित तिमाहच्या बाई एकट्याच येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. डार्विननंतर आम्ही बोललो नव्हतो.

"कसली खीर?"

"ओटीची."

त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. "ह्यांनी तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या. मग चमचा उचलला. "प्रसाद म्हणून एक घास घेऊ?"

मी वाडगा माझ्याकडे ओढला. म्हटलं, "ओटीचं जिचं तिनं खायचं असतं. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. उठून जातील असं मला वाटलं, पण त्या गेल्या नाहीत. जरा वेळानं म्हणाल्या, "माझी आई तीस वर्षं तशीच होती. तिची कधी कुणी भरली नाही. मीपण नाही."  त्यांना बरं वाटावं असं एखादं वाक्य बोलता आलं असतं, पण ते माझ्याजवळ नव्हतं. पाच ओंजळी तांदळाची खीर म्हणजे काही थोडी नव्हे. तिसऱ्या वाडग्याला माझा श्वास अडकला. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी पाणी प्यायले आणि पुढे खाल्लं. तळाशी लागलेली शितंसुद्धा बोटानं पुसून खाल्ली.

सिडनीला बोट शहराच्या मध्यावरच लागते. उतरलं की समोर फेरी आणि ट्रेन, एकाच कार्डावर सगळीकडे जाता येतं. पण आधी पुन्हा रांग, पुन्हा टेबल, पुन्हा कुत्रा. मी सामान घेऊन उभी राहिले. खण घडी घालून पिशवीत ठेवला होता, त्याला अजून नारळाचा वास होता. अधिकाऱ्यानं विचारलं, खाण्याचं काही आहे का?

"नो," मी म्हटलं, आणि या वेळी ते शंभर टक्के खरं होतं.

कुत्रा आला. पिशवीपाशी थबकला, खण हुंगला, माझ्याकडे वर बघितलं. मी हलले नाही. मग तो न बसता पुढच्या माणसाकडे गेला. त्याला कुठून कळणार, ओटी माझ्या पोटात होती.